घरगुती बँडसॉची जुळणी आणि पात्याची निवड: कोणते काम आधी, कोणते नंतर

बँडसॉ (दोन चाकांवरून फिरणाऱ्या दातेरी पट्टीची करवत) आखलेली रेषा सोडून एका बाजूला ओढतो, जाड फळी चिरताना काप मधोमध फुगतो, नवे पाते थोड्याच दिवसांत तडकते, अशा तक्रारी सांगली-साताऱ्याकडच्या हौशी सुतारकाम करणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येतात. अशा यंत्राचे झाकण उघडून पाहिले, तर बहुतेक वेळा पात्याच्या दोन्ही बाजूंची गाइड इतकी आवळलेली असतात, की त्यांनीच पाते एका अंगाला वाकवलेले असते. सरळ धावणाऱ्या पात्याला कापताना आधार देणे, एवढेच गाइडचे काम आहे. वाकडे धावणारे पाते गाइड आवळून सरळ होत नाही. पाते सरळ धावते ते योग्य निवड, स्वच्छ चाके, ट्रॅकिंग (वरचे चाक झुकवून पाते चाकावर योग्य जागी धावते ठेवणे) आणि ताण यांमुळे, आणि म्हणून गाइडना हात अगदी शेवटी लावायचा असतो. पुढील क्रम ८ ते १४ इंच व्यासाच्या दोन चाकांच्या घरगुती यंत्रासाठी आहे. पाते बदलले की दर वेळी तिसऱ्या टप्प्यापासून पुढचे सर्व टप्पे पुन्हा करावेत.

## १. पूर्वतयारी: वीज, बैठक आणि हत्यारे

१ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर पूर्ण भारावर साधारण ५ ते ७ अँपिअर प्रवाह घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. त्यामुळे दिव्या-पंख्याच्या ६ अँपिअर सॉकेटवर हे यंत्र चालवू नये. १६ अँपिअरचा, अर्थिंग तपासून घेतलेला स्वतंत्र सॉकेट असावा. एक्स्टेन्शन वापरणे भागच असेल, तर वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि शक्य तितकी आखूड घ्यावी. गावाकडे ज्या वेळी विजेचा दाब घसरतो, त्या वेळी मोटरचा जोर कमी होतो, कापणारा माणूस नकळत लाकूड जास्त रेटतो आणि त्या रेट्याने पाते वाकते. मग जुळणीत नसलेला दोष जुळणीत शोधला जातो. जाड लाकूड चिरण्याचे काम दाब पुरेसा असतानाच करावे.

यंत्राचे चारही पाय जमिनीला टेकलेले असावेत. शहाबादी फरशीवर एखादा पाय अधांतरी राहिला, तर त्याखाली पत्र्याची चकती घालावी. लाकडाची पाचर कंपनाने सरकते. जवळ एक खात्रीचा गुण्या, सरळ लोखंडी पट्टी, अ‍ॅलन कीचा संच, ताठ केसांचा ब्रश, साधा लिहायचा कागद, गॉगल आणि मास्क ठेवावा. अशा कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते आणि गाइडच्या जुळणीत तोच सर्वांत सोयीचा मापक ठरतो.

इशारा: पुढच्या टप्प्यांत हात चाकांमध्ये आणि पात्याजवळ जाणार आहेत. स्विच बंद करून भागत नाही. प्लग सॉकेटमधून काढून नजरेसमोर ठेवावा. जाड हातमोजे फक्त पाते हाताळताना घालावेत. यंत्र सुरू असताना हातमोजे कधीही घालू नयेत, कारण दात्यात अडकलेले कापड हातालाही ओढून नेते.

## २. पात्याची निवड

सर्वाधिक पैसे आणि श्रम या टप्प्यावर वाया जातात. दुकानदार देईल ते पाते आणायचे आणि सरळ, वळणदार, जाड, पातळ अशा सगळ्या कामांना तेच वापरायचे, ही पद्धत सोडून द्यावी. एकच पाते सर्व कामांना चालत नाही.

लांबी. यंत्राच्या पुस्तिकेत लांबी दिलेली असते. पुस्तिका नसेल, तर ताणाचा स्क्रू वरचे चाक त्याच्या सरकण्याच्या अंतराच्या मध्यावर येईपर्यंत फिरवावा आणि दोन्ही चाकांच्या केंद्रांमधील अंतर मोजावे. दोन्ही चाके सारखी असल्यास त्या अंतराची दुप्पट अधिक चाकाच्या व्यासाची ३.१४ पट, ही पात्याची लांबी. व्यास रबरी टायर धरून मोजावा. उदाहरणार्थ, व्यास ३५६ मिलिमीटर आणि केंद्रांतील अंतर ६२९ मिलिमीटर असेल, तर १२५८ अधिक १११८, म्हणजे २३७६ मिलिमीटर. जुने पाते मोजून लांबी काढायची असेल, तर ते तोडू नये. त्यावर खडूने खूण करावी आणि जमिनीवर सरळ रेषेत एक पूर्ण फेरा गडगडवून खुणेपासून खुणेपर्यंतचे अंतर मोजावे.

जाडी. सांगली, मिरज, कराड, सातारा या गावांत लाकडाच्या वखारी आणि सॉ मिल आहेत, आणि त्यांच्यासाठी पाती जोडून देणारे कारागीरही विचारपूस केल्यावर सापडतात. त्यांच्याकडून मापाचे पाते जोडून घेणे सोयीचे असते, पण एक चूक तेथेच होते. सॉ मिलची चाके मोठी असतात आणि त्यांच्या पात्याची पट्टी १ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. तीच पट्टी कमी रुंदीची कापून घरगुती यंत्रावर चढवली, तर लहान चाकाभोवती ती दर फेऱ्याला दोनदा तिच्या सोसण्यापलीकडे वाकते आणि दात्यांच्या बुडाशी बारीक तडे जातात. दोष मग जोडणाऱ्याच्या वेल्डिंगला दिला जातो. १४ इंची चाकासाठी जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास, तर ८ ते १० इंची चाकासाठी ०.५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असावी. पाते घेताना रुंदीइतक्याच आग्रहाने जाडीही सांगावी.

रुंदी. वळण जितके लहान, तितके पाते अरुंद लागते. ३ मिलिमीटर रुंदीचे पाते सुमारे ५ मिलिमीटर त्रिज्येचे वळण घेते, ६ मिलिमीटरचे १६, १० मिलिमीटरचे ३६, १३ मिलिमीटरचे ६४ आणि १९ मिलिमीटरचे सुमारे १३८ मिलिमीटर त्रिज्येचे. याहून लहान वळणात पाते पिळले जाते, लाकूड जळते आणि पाते गाइडमधून निसटू शकते. सरळ चिरण्यासाठी रुंद पाते चांगले, हे खरे असले तरी त्यालाही मर्यादा आहे. रुंद पात्याला ताण जास्त लागतो, आणि घरगुती यंत्राची चौकट व स्प्रिंग तो देऊ शकत नाहीत. १४ इंची यंत्रावर १९ मिलिमीटरचे पाते चढते, ताणाचा काटाही त्या खुणेवर येतो, पण पाते ढिलेच राहते आणि पुरेशा ताणलेल्या १३ मिलिमीटरच्या पात्यापेक्षा वाईट कापते. माझे स्पष्ट मत आहे की या आकाराच्या यंत्रावर १३ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. १० इंची यंत्रावर १० मिलिमीटरलाच थांबावे.

दात्यांची संख्या. पात्यावर प्रति इंच किती दाते आहेत, यापेक्षा कापताना लाकडाच्या आत एका वेळी किती दाते असतील, हे पाहावे. तीनपेक्षा कमी दाते आत असले, तर पाते हिसके देते आणि दाते मोडतात. ६ ते १२ दाते ही उत्तम स्थिती, आणि २४ च्या पुढे गेल्यास भुसा दात्यांमधल्या खाचांत मावत नाही. २० मिलिमीटरच्या फळीला प्रति इंच १० दात्यांचे पाते घेतले, तर सुमारे ८ दाते आत राहतात. ५० मिलिमीटरच्या लाकडाला प्रति इंच ४ दाते पुरतात, आणि १०० ते १५० मिलिमीटर उंचीचा ठोकळा उभा चिरायचा असेल, तर ३ किंवा २. येथे बहुतेक जण नेमके उलट करतात. काप गुळगुळीत हवा म्हणून जाड लाकडालाही बारीक दात्यांचे पाते लावतात, भुसा खाचांत दाटतो, पाते तापते, लांबते, ढिले पडते आणि ठोकळ्याच्या पोटात वाकून जाते. चिरलेल्या पृष्ठभागावरचे ओरखडे रंध्याने निघतात. वाकडा गेलेला काप मात्र दुरुस्त होत नाही.

दात्यांचा आकार. सर्व दाते जवळजवळ आणि सरळ उभे असलेले साधे पाते पातळ लाकूड आणि आडवे काप यांसाठी. एक आड एक दाता वगळल्यासारखे, मोठ्या खाचांचे पाते मऊ, चिकट किंवा ओलसर लाकडासाठी. पुढे झुकलेल्या, आकड्यासारख्या दात्यांचे पाते जाड व कठीण लाकूड शिरांच्या दिशेने चिरण्यासाठी. हे शेवटचे पाते लाकूड स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे पातळ किंवा गोल तुकड्यावर ते वापरू नये.

आपल्याकडचे लाकूड. जत, आटपाडी, माण, खटावकडची वाळलेली बाभूळ अतिशय कठीण असते. तिला साध्या कार्बन पोलादाचे पाते लवकर बोथट होते, म्हणून बाभळीचे काम नेहमीचे असेल तर बायमेटल पाते (लवचीक पाठीवर जास्त कठीण पोलादाची दात्यांची कड जोडलेले) घेणे परवडते. सागवान कापायला सोपे वाटते, पण त्यात सिलिका असते आणि ती दात्यांची धार खाते. सागावर पाते झिजले की त्याला निकृष्ट ठरवण्याची घाई करू नये. पाटण-जावळीकडचा ओला फणस आणि ताजा आंबा यांचा भुसा चिकट असतो, त्यांना मोठ्या खाचांचे पाते हवे. तंबोऱ्याच्या दांडीसाठी वापरले जाणारे तून त्या मानाने मऊ असते; त्याच्या पातळ पट्ट्या काढताना पाते नवे आणि धारदार असणे महत्त्वाचे.

जुन्या वाड्यांचे सागवान स्वस्तात मिळाले म्हणून लगेच यंत्रावर घेऊ नये. त्यात घडीव खिळे खोलवर असतात आणि त्यांची डोकी गंजून लाकडाच्याच रंगाची झालेली असतात. जोरकस लोहचुंबक चारही बाजूंनी फिरवावा आणि काळा डाग दिसेल तेथे पटाशीने उकरून पाहावे. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेले लाकूड असेल, तर भेगांतला गाळ तारेच्या ब्रशने काढावा. गाळातली बारीक वाळू एका कापात नव्या पात्याची धार घालवते.

सुरुवातीला १४ इंची यंत्रासाठी तीन पाती पुरतात: १३ मिलिमीटर रुंद, प्रति इंच ३ आकडी दात्यांचे; १० मिलिमीटर रुंद, प्रति इंच ६ दात्यांचे; आणि ६ मिलिमीटर रुंद, प्रति इंच १० दात्यांचे.

तपासणी: नवे पाते घेताना, पट्टीची दोन टोके वेल्डिंगने जोडलेली असतात त्या जोडावरून बोट पाठीकडून हलके फिरवावे. जोडाशी पायरी लागली किंवा पाते त्या ठिकाणी सरळ रेषेत नसले, तर ते परत करावे. असे पाते कितीही जुळवले तरी दर फेऱ्याला ठोका देते.

## ३. जुने पाते काढणे आणि चाकांची तपासणी

आधी वरची आणि खालची, बाजूची आणि मागची, सर्व गाइड पात्यापासून पूर्ण दूर सारावीत. नंतर ताण सैल करावा, पाते आत-बाहेर काढण्यासाठी टेबलाला असलेल्या फटीतली खीळ आणि पात्याभोवतीची मधली चकती काढावी आणि पाते बाहेर घ्यावे. गाइड जागेवर ठेवून नवे पाते चढवले, तर पाते स्वतः कोठे धावू पाहते हे कळतच नाही, आणि पुढचे सगळे टप्पे चुकीच्या पायावर उभे राहतात.

आता दोन्ही चाके हाताने फिरवून रबरी टायर पाहावेत. त्यांवर भुसा आणि चीक यांचे कठीण थर साचतात. एखादा थर एका बाजूला जाड असला, तर पाते दर फेऱ्याला पुढे-मागे डोलते. ब्रशने आणि बोथट लाकडी पट्टीने हे थर काढावेत. रॉकेल किंवा डिझेल रबराला लावू नये. टायरला भेगा असतील, खोल चरे असतील किंवा नखाने दाबल्यावर तो दगडासारखा कडक लागत असेल, तर तो बदलावा. वरचे चाक कडेला धरून पुढे-मागे हलवावे. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलेले आहे, आणि ते बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

दोन्ही चाके एका पातळीत आहेत की नाहीत, हे सरळ पट्टी लावून पाहता येते. मात्र मध्ये उंचवटा असलेल्या टायरवर पाते एरवी स्थिर धावत असेल, तर थोड्या फरकासाठी चाकाच्या धुऱ्याला हात लावू नये. पाते काही केल्या स्थिर होत नसेल, तेव्हाच तो उपाय करावा.

## ४. पाते चढवणे आणि ट्रॅकिंग

टेबलावर दाते कापणाऱ्याकडे आणि खाली वळलेले असावेत. ते वर वळलेले दिसले, तर पाते उलटे आहे. दोन्ही हातांनी पिळून त्याची आतली बाजू बाहेर काढावी. पाते दोन्ही चाकांच्या मध्यावर ठेवून ते घसरणार नाही एवढाच ताण द्यावा.

वरचे चाक कापण्याच्या दिशेने हाताने फिरवत पात्याची जागा पाहावी. पाते पुढे सरकत असेल, तर ट्रॅकिंगच्या स्क्रूने वरच्या चाकाचा माथा मागे झुकवावा. मागे सरकत असेल, तर पुढे. एका वेळी पाव फेरा पुरे. प्रत्येक बदलानंतर चाक पाच-सहा वेळा फिरवून मगच पुढचा बदल करावा, कारण पाते नवी जागा हळूहळू घेते. घाईने दोन-तीन फेरे फिरवले, की पाते एकदम दुसऱ्या टोकाला जाते.

घरगुती यंत्रांच्या टायरला बहुधा मध्ये उंचवटा असतो आणि पाते त्या उंचवट्यावर धावले पाहिजे. मोठ्या, सपाट टायरच्या यंत्रांत मात्र रुंद पात्याचे दाते चाकाच्या पुढच्या कडेबाहेर ठेवतात. तो नियम उंचवटा असलेल्या चाकाला लावू नये.

इशारा: पाते ओढून चाक फिरवू नये. चाकाची कड किंवा आरा धरूनच ते फिरवावे.

## ५. ताण

वरच्या चाकामागचा काटा पात्यावरचा ताण मोजत नाही. तो स्प्रिंग किती दबली आहे, एवढेच दाखवतो. स्प्रिंग जुनी होऊन मऊ पडली, की काटा योग्य खूण दाखवत राहतो आणि पाते ढिले असते. काट्यावर सुरुवात करावी, त्यावर थांबू नये.

वरचे गाइड टेबलापासून सुमारे १५० मिलिमीटर उंच करावे आणि पात्याच्या मोकळ्या भागाच्या मध्यावर बोटाने बाजूने मध्यम जोर द्यावा. पाते साधारण ६ मिलिमीटर सरकले तर ताण ठीक आहे. जास्त सरकले तर ताण वाढवावा. अजिबात हलत नसेल तर कमी करावा. अरुंद पात्यासाठी याला जोड म्हणून आणखी एक परीक्षा घेता येते. गाइड दूर असतानाच झाकणे बंद करून यंत्र सुरू करावे, बाजूला उभे राहून ताण अगदी हळू कमी करावा आणि पाते थरथरू लागताच थांबावे. मग थरथर थांबेपर्यंत ताण वाढवून वर आणखी पाव फेरा द्यावा. या परीक्षेत पाते चाकावरून उतरण्याचा संभव असतो, म्हणून झाकण उघडे ठेवून ती कधीही करू नये.

स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकली असतील, तर तिथेच थांबावे. टेकलेली स्प्रिंग धक्का शोषू शकत नाही, आणि गाठीवर अडकलेले पाते मग सरळ तुटते. तेवढ्या ताणातही पाते ढिले वाटत असेल, तर एकतर स्प्रिंग संपलेली आहे किंवा पाते यंत्राला झेपण्यापेक्षा रुंद आहे.

तपासणी: ताण वाढला, की चौकट किंचित वाकते आणि ट्रॅकिंग बदलते. म्हणून पूर्ण ताण दिल्यावर चौथा टप्पा पुन्हा करावा, आणि नंतरच ट्रॅकिंगचा नट आवळावा. ही फेरतपासणी न केल्यामुळे पाते पहिल्याच जड कापात मागे सरकते.

## ६. टेबल काटकोनात आणणे

गुण्याची एक बाजू टेबलावर आणि दुसरी पात्याच्या सपाट अंगाला लावावी. दाते आळीपाळीने दोन्ही बाजूंना वळवलेले असतात, त्यामुळे गुण्या दात्याला टेकला तर माप खोटे येते. टेबल काटकोनात आले, की खालचा टेकू-बोल्ट त्याच जागी आवळावा. खात्री करण्यासाठी एका चौकोनी ठोकळ्याच्या कडेत थोडा काप घ्यावा, यंत्र बंद करून पाते थांबू द्यावे, मग ठोकळा खालचा वर करून तोच काप पात्याच्या पाठीवर सरकवून पाहावा. पाते कापात सहज गेले तर टेबल काटकोनात आहे. काढलेली खीळ आणि चकती आता परत बसवावी. खीळ नसली, तर टेबलाचे दोन्ही भाग कालांतराने वर-खाली होतात.

## ७. गाइड

वरच्या संचापासून सुरुवात करावी. प्रथम बाजूची गाइड पुढे-मागे सरकवून त्यांची पुढची कड दात्यांमधल्या खाचांच्या तळाच्या किंचित मागे आणावी. नंतर पात्याच्या दोन्ही अंगांना कागदाची एकेक घडी न केलेली पट्टी धरावी, गाइड तिला टेकेपर्यंत आणून आवळावीत आणि कागद काढून घ्यावा. हे करताना पाते डावी-उजवीकडे तसूभरही हलता कामा नये, म्हणून पात्याकडे समोरून पाहत राहावे आणि एका बाजूचे गाइड जुळवून झाल्यावरच दुसरे आवळावे.

पात्याला मागून अडवणारे थ्रस्ट बेअरिंग सर्वांत शेवटी. ते पात्याच्या पाठीपासून कागदाच्या जाडीइतके दूर असावे. यंत्र रिकामे फिरत असताना ते स्थिर राहिले पाहिजे आणि लाकूड कापताना फिरले पाहिजे. ते सतत फिरत असेल, तर पात्याची पाठ घासून कडक होते आणि तेथूनच तडा सुरू होतो.

आता एक परीक्षा, जी जवळजवळ कोणीच घेत नाही. लाकडाच्या तुकड्याने पाते मागे रेटून थ्रस्ट बेअरिंगला टेकवावे आणि त्या स्थितीत दाते बाजूच्या गाइडमध्ये शिरतात का, हे पाहावे. शिरत असतील, तर बाजूची गाइड आणखी मागे घ्यावीत. कापताना पाते नेमके असेच मागे जाते, आणि गाइडमध्ये शिरलेल्या दात्यांना दोन्ही बाजूंना दिलेले वळण एका क्षणात नाहीसे होते. त्यानंतर पाते एका अंगाला ओढू लागते, आणि या ओढीवर कोणतीही जुळणी उपयोगी पडत नाही.

हेच सगळे टेबलाखालच्या संचाला करावे. खाली वाकून पाहावे लागते आणि तेथे भुसा साचलेला असतो, म्हणून तो संच तसाच सोडून दिला जातो. पण पात्याला आधार दोन्हीकडून मिळाला नाही, तर वरची जुळणी निरुपयोगी ठरते.

तपासणी: चाक हाताने पूर्ण एक फेरा फिरवून जोड गाइडमधून अडखळल्याशिवाय जातो, याची खात्री करावी. त्यानंतर वरच्या गाइडचा दांडा पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन अंतर तेवढेच राहते का, ते पाहावे. ते बदलत असेल, तर ज्या उंचीचे लाकूड कापायचे आहे, त्या उंचीवर दांडा आणून गाइड पुन्हा जुळवावीत.

## ८. चाचणी काप आणि फेन्स

झाकणे बंद करावीत, वरचे गाइड लाकडापासून ५ ते ६ मिलिमीटर वर आणावे आणि यंत्र सुरू करून पाते क्षणभर रिकामे धावू द्यावे. चाचणीसाठी ५० मिलिमीटर जाडीची, एक कड रंध्याने सरळ केलेली फळी घ्यावी. त्या कडेला समांतर रेषा आखून फेन्स (लाकूड टेकवून सरळ सरकवण्याची टेबलावरची पट्टी) न लावता, हाताने, रेषेवरून सावकाश कापत जावे. अर्ध्यावर थांबून फळी घट्ट धरावी, यंत्र बंद करावे आणि पाते थांबल्यावर फळीच्या कडेची रेषा टेबलावर पेन्सिलीने उमटवावी. फेन्स याच रेषेला समांतर लावायची. हा कोन एखाद-दोन अंशांचा असेल तर चिंता नको. तो ठळक दिसण्याइतका मोठा असेल, तर फेन्स वळवून वेळ मारून नेऊ नये. ट्रॅकिंग आणि ताण पुन्हा पाहावा, आणि दोन्ही ठीक असतील तर पाते बदलावे, कारण अशा वेळी एका बाजूच्या दात्यांची धार किंवा त्यांना दिलेले वळण गेलेले असते.

कापलेला पृष्ठभाग बराच काही सांगतो. काप मधोमध फुगला असेल, तर ताण कमी आहे, दाते गरजेपेक्षा बारीक आहेत किंवा लाकूड फार वेगाने रेटले गेले. ठरावीक अंतरावर सारखी खूण दिसत असेल, तर जोड किंवा एखादा मोडलेला दाता कारणीभूत आहे. कडा काळसर जळल्या असतील, तर पाते बोथट आहे किंवा वळण त्याला झेपण्यापेक्षा लहान आहे. मोटरचा आवाज खाली आला, की लाकडाचा वेग कमी करावा. नव्या पात्याने पहिले काही काप मुद्दाम सावकाश घ्यावेत. कोरी धार एकदम जड कापात घातली तर तिचे टोक तुटते.

इशारा: गोल ओंडका कधीही सुटा धरून कापू नये. पाते त्याला गडगडवते आणि हात आत ओढला जातो. ओंडका खोबणीच्या पाळण्यात स्क्रूने पक्का करावा. शेवटचा तुकडा बोटांनी न सरकवता लाकडी ढकलपट्टीने सरकवावा, आणि काप अर्धवट असताना पाते फिरत असेल, तर लाकूड मागे ओढू नये. त्याने पाते चाकावरून पुढे उतरते.

## ९. काम संपल्यावर

दिवसभराचे काम झाले, की ताण सैल करावा. सतत ताणलेल्या पात्यामुळे टायरवर खोल खुणा पडतात आणि स्प्रिंग मऊ होते. किती फेरे सैल केले ते लिहून ठेवले, की दुसऱ्या दिवशी तेवढेच आवळता येतात. दात्यांवरचा चीक कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून पाते भिजवल्यावर ब्रशने निघतो. पाते लगेच पुसून कोरडे करावे आणि तेलाचा हलका हात द्यावा. पावसाळ्यात, विशेषतः महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पट्ट्यात, बिडाच्या टेबलावर एका रात्रीत गंज धरतो. त्यावर मेण घासून ठेवणे तेलापेक्षा बरे, कारण तेलाचा डाग लाकडात उतरतो आणि पुढे पॉलिश धरत नाही. काढून ठेवलेल्या पात्यांना रुंदी, दाते आणि कोणत्या लाकडावर वापरले, हे लिहिलेली चिठ्ठी बांधावी.

ताण सैल केलेल्या यंत्राच्या स्विचवर तशी पाटी अडकवावी आणि प्लग काढून ठेवावा. घरातील दुसऱ्या कोणी यंत्र सुरू केले, तर सैल पाते पहिल्याच फेऱ्यात चाकावरून उतरते.